इंदूरच्या दक्षिणेला आधी उतार लागतो, चढ परतीला असतो

तुमचा प्रश्न असा आहे: राजेंद्रनगरला राहता, नवी हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे शॉक असलेली डोंगरी सायकल, घेतली आहे, चाकं २९ इंची, टायर २.२५ चे, आत ट्यूब. आतापर्यंत सुपर कॉरिडॉर आणि बायपासच्या सर्व्हिस रोडवर चालवली. आता या थंडीत सिमरोल, चोरल, पाताळपाणीकडच्या जंगलात जायचं आहे. त्यासाठी ट्रेल्सची यादी आणि जीपीएस फाइल हवी आहे. शिवाय एकट्यानं जावं का, ट्यूबलेस करून घ्यावं का आणि पहाटे अंधारात निघायला कुठला लाइट घ्यावा, हेही विचारलंत.

फाइल मी पाठवणार नाही, हे आधीच सांगून टाकते. त्यात कंजूषपणा नाही. आपल्याकडच्या या वाटा कोणी सायकलसाठी केलेल्या नाहीत. त्या गुरांच्या, लाकूडफाटा आणणाऱ्या बायांच्या, नदीवर पाण्याला जाणाऱ्यांच्या वाटा आहेत. पावसाळ्यात त्यातल्या अर्ध्या गवतात बुडतात, दिवाळीनंतर वावर सुरू झाला की पुन्हा उमटतात, आणि दर वर्षी त्याच ठिकाणी उमटतील असं नाही. गेल्या जानेवारीतली माझी रेघ यंदा कुणाच्या तरी हरभऱ्यातून जात असेल. स्क्रीनकडे बघत त्या रेघेवर चालणारा माणूस मग उभ्या पिकात शिरतो आणि शेतकऱ्याच्या शिव्या त्याच्यामागून येणाऱ्या सगळ्या सायकलवाल्यांना पडतात. नवीन लोकांना मी रविवारी बरोबर नेते, तेव्हाही वाट पाठ करून घेत नाही. वाट वाचायला लावते.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसायला हवी, कारण बहुतेकांची गडबड तिथंच होते. इंदूर माळव्याच्या पठारावर आहे, समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर. पुण्याचा माणूस सिंहगडाकडे निघतो तेव्हा आधी दमतो आणि मग आरामात उतरतो. आपलं उलट. महू किंवा सिमरोलपर्यंत आपण जवळजवळ सपाट जातो, तिथं विंध्याची कड येते आणि जमीन एकदम चोरलच्या खोऱ्यात, पुढे नर्मदेकडे खाली जाते. पाताळपाणीला चोरल नदी सुमारे ३०० फुटांवरून उडी घेते ती याच कडेवरून. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी एक कोटी रुपयांचं कर्ज दिलं आणि इंदूरची मीटरगेज झाली, त्या मार्गालाही ही कड उतरायला पाताळपाणी ते कालाकुंड असे बोगदे, पूल आणि वळणं लागली. आगगाडीला जो उतार इतका जड गेला, तो परतताना तुमच्या पायांना चढायचा आहे, तोही ऊन डोक्यावर आल्यावर.

म्हणून किती किलोमीटर जायचं हे ठरवू नका, किती वाजता वळायचं ते ठरवा. कडेच्या वर, पठारावरच राहणार असाल तर वेळ अर्धा-अर्धा वाटला तरी चालतं. कड उतरून खाली जाणार असाल तर हातात असलेल्या वेळेचा एक तृतीयांश जायला आणि दोन तृतीयांश यायला ठेवा. सकाळी आठला कडेवरून उतरायला लागलात आणि अकराला परत वर यायचं आहे, तर नऊला सायकल वळवायची. पुढचं वळण कितीही खुणावत असलं तरी. खोऱ्यातून वर यायला साधारण दीडशे-दोनशे मीटर उंची चढावी लागते, पण ती एका सलग चढात मिळत नाही. दगडगोट्यांत, मध्येच उतरून ढकलत मिळते. रस्त्यावर ताशी वीस-बावीसनं जाणारा माणूस या वाटांवर ताशी आठ-दहानं जातो, आणि चढाला पायी चालणाऱ्याइतकाच.

पहिले काही रविवार तर कडेच्या वरच काढा. जानापावची बाजू त्याला चांगली. टेकडी साडेआठशे मीटरच्या वर आहे, चंबळेचा उगम तिथलाच मानतात, आणि माथ्यापर्यंत डांबरी रस्ता असल्यामुळे चढाचा अंदाज येतो आणि फसलात तर बाहेर पडायला सोपं जातं. आसपासच्या गाववाटांवर हात बसवा. रालामंडल शहराला जवळ म्हणून सगळ्यांना सुचतं, पण ते १९८९ पासून अभयारण्य आहे आणि क्षेत्रफळ अडीच चौरस किलोमीटरसुद्धा नाही. गेटमधून, तिथल्या वेळा आणि नियम पाळून जायचं. कुंपणाच्या फटीतून शिरायची जागा ती नव्हे. चोरल, महू, मानपूरकडचं बरंच जंगल राखीव आहे आणि राखीव जंगलात परवानगीशिवाय शिरणं १९२७ च्या वन कायद्याप्रमाणे गुन्हा ठरू शकतो. प्रत्यक्षात गाव ते गाव जाणाऱ्या वाटेवर कोणी अडवत नाही, पण नाकेदार, म्हणजे जंगलखात्याचा वनरक्षक, भेटला तर थांबून राम राम करा, कुठून कुठं चाललोय ते सांगा. तो नको म्हणाला तर वाद न घालता फिरा. महूच्या बाजूला आणखी एक: लष्कराच्या फायरिंग रेंज आहेत. लाल झेंडा किंवा पाटी दिसली तर त्या रानात पाऊल टाकायचं नाही, आणि कुठंही जमिनीत अर्धवट गाडलेला धातूचा तुकडा दिसला तर त्याला हात लावायचा नाही.

आता वाट वाचण्याबद्दल.

घरी बसून सॅटेलाइट नकाशा बघा, पण मार्च-एप्रिलमध्ये टिपलेला. जुन्या तारखांचे फोटो बघायची सोय काही नकाशांमध्ये असते. पावसाळ्यातल्या फोटोत नुसतं हिरवं दिसतं. साग निष्पर्ण झाल्यावर खालची वाट पांढऱ्या दोऱ्यासारखी उघडी पडते. त्या दोऱ्याची दोन टोकं कुठं आहेत ते बघा. एका टोकाला वस्ती आणि दुसऱ्या टोकाला पाणी किंवा दुसरी वस्ती असेल तर ती रोजच्या वापरातली वाट, ती कुठंतरी पोचवते. वस्तीकडून निघून जंगलात दोन, मग चार, मग आठ फाटे फुटत बारीक होत गेलेली वाट लाकूडफाट्याची. ती आत जाऊन संपते, आणि लाकडाचा भारा घेऊन माणूस जवळच्या रस्त्यानं सरळ उतरतो म्हणून ती उताराला सरळसोट असते. खाली जाताना मजा वाटते, वर येताना सायकल खांद्यावर घ्यावी लागते.

गुरांची वाट वेगळी. गाय-म्हैस चढ टाळते, डोंगराच्या अंगानं आडवी चालते. सायकलला यापेक्षा चांगली वाट मिळत नाही. अडचण एवढीच की ती एक नसते, शेजारी-शेजारी पाच-सात असतात, आणि आपण हळूहळू खालच्या खालच्या वाटेवर घसरत जातो, कारण चाकाला ते सोपं. अर्ध्या तासानं कळतं की आपण कडेच्या बरेच खाली आलो. संशय आला की वरचा फाटा धरायचा, ही सवय लावून घ्या.

प्रत्यक्ष रानात गुराखी भेटला तर ‘ये रास्ता कहाँ जाता है’ असं विचारून फारसं हाती लागत नाही. त्याच्या दृष्टीनं सगळेच रस्ते कुठंतरी जातात, आणि ‘जाता है भैया, निकल जाओगे’ हे उत्तर ठरलेलं. विचारायचं ते ‘इस पे कौन चलता है?’ मोटरसायकल जाते म्हणाला तर निर्धास्त जा. बैलगाडी जाते म्हणाला तर जा, गोटे असतील. फक्त बकऱ्या जातात म्हणाला तर त्या वाटेचा नाद सोडा. या एका प्रश्नानं माझा जितका वेळ वाचला आहे तितका कुठल्याही ॲपनं वाचवलेला नाही.

मातीवर थोडं जास्त बोलावं लागेल, कारण हिवाळा म्हणजे सगळं कोरडं असं लोक धरून चालतात. मावठा पडला की हिशोब बदलतो. आपली काळी माती ओली झाली की टायरला चिकटते, मग फोर्कमध्ये, मग मागच्या चाकाशी फ्रेममध्ये दाटते, आणि चाक फिरायचं थांबतं. त्यावर जोर लावून पेडल मारलं की डिरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, वाकतो किंवा तो फ्रेमला जोडणारा हँगर तुटतो, आणि तो हँगर तुमच्या मॉडेलचा इंदुरात लगेच मिळेलच असं नाही. एक सुटा हँगर आताच मागवून ठेवा. मावठ्यानंतर कडेजवळची मुरमाड, दगडाळ जमीन एका चांगल्या उन्हात वाळते, पण तिथं पोचायच्या शेतातल्या वाटा काळ्या मातीच्या असतात आणि जानेवारीच्या कोवळ्या उन्हात त्यांना तीन-चार दिवस सहज लागतात. तेव्हा डोंगर वाळला म्हणून निघू नका, शेताची वाट वाळली का ते बघून निघा. ओल्या मातीत उमटलेला तुमचा चर पुढे महिनाभर तसाच राहतो आणि त्यात पाय मुरगळतो तो गावातल्या माणसाचा.

वाळल्यावर तीच माती दगडासारखी कडक होते. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या, म्हशींचे खूर, सगळं जसंच्या तसं. चाकोरीत चाक पडलं तर तिच्यातच चालत राहा, बाहेर यायला हँडल तिरकं मारू नका. थांबा, पाय टेका, उचलून बाहेर काढा. गव्हा-हरभऱ्याला पाणी द्यायचे प्लास्टिकचे पाइपही या दिवसांत वाटांवर आडवे पडलेले असतात, आणि त्यांच्या आसपास थोडा चिखल हमखास. पाइपावरून सायकल घालू नका, उचलून पलीकडे ठेवा. शेतकरी लांबून बघत असतो.

जंगलात शिरल्यावर सागाची पानं. जानेवारीच्या मध्यापासून ती पडायला लागतात आणि फेब्रुवारीत वाट दिसेनाशी होते. पान मोठं, वाळलेलं, त्याखाली गोटा आहे की खड्डा हे कळत नाही, आणि पानांच्या थरावर ब्रेक दाबला की चाक पानांसकट पुढे जातं. वेग पानांच्या आधी कमी करायचा. पानांवरून सायकल सरळ उभी ठेवून, ब्रेक न लावता जायचं. वळायचं तेही पानं संपल्यावर. पलीकडच्या उतारावर बेसाल्टचे गोल गोटे असतात. आपला हा खडक झिजताना कांद्यासारखे पापुद्रे टाकत गोल होत जातो. त्यावर सीट खाली करा, पेडल आडवी समपातळीत ठेवा, टाचा किंचित खाली, आणि पार्श्वभाग सीटच्या थोडा मागे. पुढच्या ब्रेकला घाबरून फक्त मागचा दाबणारे बरेच असतात. मागचं चाक मग नुसतं घसरतं, थांबवत नाही. पुढचा ब्रेक एका बोटानं, हळूहळू वाढवत दाबायला मैदानावर शिका आणि मगच इथं या.

सगळ्यात धोक्याची जागा मात्र सपाट असते. तिंछा, काजलीगढ, मुहाडी अशा ठिकाणी पठार चालता-चालता संपतं आणि समोर थेट खोल दरी असते. हिवाळ्यात कमरेइतकं वाळलेलं गवत कडेपर्यंत उभं असतं, वाट त्यातून बाक घेत जाते, आणि सकाळचं तिरपं ऊन डोळ्यात. पाण्याचा आवाज आला, समोरची झाडं एकदम बुटकी दिसायला लागली किंवा झाडांच्या मागं नुसतं आकाश दिसलं की सायकलवरून उतरायचं. पुढचं अंतर चालत. यात अनुभवी आणि नवखा असा फरक मी करत नाही.

टायरचं. तुमची अडचण दुहेरी आहे: बोर, बाभूळ आणि गोखरू यांचे काटे एकीकडे, धारदार दगड दुसरीकडे. ट्यूब असताना हवा कमी केली की दगडावर ट्यूब रिमशी चिरडते, जास्त भरली की सायकल गोट्यांवर उड्या मारते. सत्तर-पंच्याहत्तर किलो वजनाला २.२५ च्या टायरमध्ये ट्यूब असेल तर पुढे २८ आणि मागे ३१ पीएसआयच्या आसपास सुरुवात करा, ट्यूबलेस असेल तर पुढे २२, मागे २५. वजन वेगळं असेल तर आकडे बदलतील, आणि पंपाचे काटे एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून नेहमी एकच पंप वापरा. रात्री उबदार खोलीत हवा भरली आणि पहाटे बाहेर आठ-नऊ डिग्री असेल तर दोनेक पीएसआय आपोआप कमी झालेले असतात. बाहेर पडल्यावर तपासा.

ट्यूबलेस करावं का, तर हो, पण आधी टायर आणि रिम दोन्हींवर ट्यूबलेस रेडी लिहिलं आहे का ते बघा. नव्या सायकलींबरोबर येणारे बरेचसे टायर तसे नसतात आणि साध्या टायरवर जुगाड करून केलेलं ट्यूबलेस नेमकं दगडावर रिम सोडतं. तसं नसेल तर या हिवाळ्यात व्हॉल्व्हचा आतला भाग काढता येईल अशी ट्यूब घेऊन तिच्यात सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारा द्रव, टाका. काट्यांचे बहुतेक पंक्चर ते बुजवतं. ट्यूबलेस केलंत तरी एक ट्यूब, पंप आणि टायर लिव्हर जवळ हवेतच, आणि सीलंट दर दोन-तीन महिन्यांनी बघायचं, आपल्याकडच्या हवेत ते लवकर सुकतं.

कपड्यांबद्दल फार नाही. पहाटे आठ-दहा डिग्री आणि दुपारी पंचवीसच्या वर, म्हणजे काढता येतील असे दोन-तीन थर. आतला सुती नको, घामानं ओला होतो आणि उतारावर छाती गारठते. विंडचीटर पातळ, घडी होणारा. हातमोजे पूर्ण बोटांचे. मोजे लांब आणि गुळगुळीत कापडाचे, कारण या दिवसांत कुसळी गवताची टोकं लोकरी मोज्यांत शिरतात आणि घोटा टोचत राहतो. तहान लागत नाही म्हणून पाणी कमी नेऊ नका, परतीच्या चढाला दीड लिटर लागतंच. खायला गुडदाणी, चिक्की, खजूर. पोहे-जलेबी चापून चढ चढायचा बेत कोणाचाच यशस्वी झालेला मी पाहिलेला नाही. ती परतल्यावर. खाली कालाकुंडला पोचलात तर स्टेशनवर पळसाच्या पानातला कलाकंद मिळतो. घ्या, पण वळायची वेळ त्याच्यासाठी पुढे ढकलू नका.

एकट्यानं जावं का, हे वाट कुठली यावर आहे. जानापावच्या डांबरी रस्त्यावर आणि गाववाटांवर जा खुशाल. कडेच्या खाली एकट्यानं नको. खोऱ्यात बऱ्याच ठिकाणी फोनला रेंज नसते, मनगट मोडलं तर हाक ऐकायला कोणी नसतं, आणि दरीकाठच्या निर्जन जागी लुटालुटीच्या बातम्याही अधूनमधून येतात. दोघं असाल तर एकमेकांपासून पंधरा-वीस मीटर अंतर ठेवा, चिकटून चालू नका. घरी सांगून जायचं ते ‘चोरलला जातोय’ असं नाही. कुठल्या गावातून शिरणार, कुठल्या गावातून निघणार आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची, हे तीन मुद्दे लिहून ठेवा.

बिबटे या सगळ्या पट्ट्यात आहेत, आणि २०२३ मध्ये महूच्या आसपास वाघही आला होता. म्हणून जंगल सोडायचं कारण नाही, पण सायकल वेगानं आणि आवाज न करता येते, आणि जनावराला दचकवणं हाच खरा धोका. हँडलला एक छोटी घंटी किंवा घुंगरू बांधा. ते रानडुकरांना, रोझड्यांना म्हणजे नीलगायींना आणि वळणापलीकडून लाकडं घेऊन येणाऱ्या बाईलाही उपयोगी पडतं. त्याच रोझड्यांसाठी आणि डुकरांसाठी शेताला तारा लावलेल्या असतात. बऱ्याच झटका मशीनच्या, पण काही ठिकाणी रात्री थेट वीज सोडतात आणि सकाळी काढायला उशीर होतो. शेताच्या कडेची कुठलीही तार जिवंत आहे असंच समजा. सायकल तिच्यावरून उचलून घेणं तर नकोच.

यावरून तुमच्या लाइटच्या प्रश्नाकडे येते. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातनंतर उगवतो. अंधारात निघून खंडवा रोडवर ट्रकांच्या मधून सिमरोल गाठायचं आणि उजाडण्याआधी जंगलात शिरायचं, यासाठी मी कुठलाच लाइट सुचवणार नाही. बिबट्याची, डुकरांची आणि तारांची वेळ तीच. सायकल गाडीत घालून महूपर्यंत किंवा सिमरोलपर्यंत न्या, साडेसातला उजेडात सुरुवात करा. मागं लावायचा एक चांगला लाल लाइट घ्या, तो रस्त्यावर दिवसाही चालू ठेवा. पुढचा साधा दोन-तीनशे ल्युमेनचा पुरे, आणि तो परतीला उशीर झाला तर डांबरी रस्ता गाठण्यापुरता. त्यातून वाचलेले पैसे सीलंट आणि हँगरला लावा.